पत्त्याची घडण आणि मोजणीचा पाठ

पत्त्यांनी मोजणी शिकविताना पत्त्याची घडणही विचारात घ्यावी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी 12, एकंदर 120 पाने होतात. पान वाटोळे, त्यास कोपरा नाही, म्हणून कोपऱ्यातील अंकही नाही. चिन्हे मोजूनच ते ओळखावे लागते. नेहमीच्या चौकोनी पत्त्यावर कोपऱ्यात अंक असल्याने मोजण्याची गरजच उरत नाही. तेव्हा मोजणीसाठी केवळ ठिपक्यांची पाने करावीत. अंकवाचनासाठी कोपऱ्यात ठळक अंक घालावा.

नागाव येथे पहिलीच्या मुलांसाठी मी पातळ कागदाची पाने केली होती. मागून ठिपक्यांची आकृती दिसे, आणि मुले तीवरून पान अचूक ओळखीत. मोजणी पक्की झाली, असे मी समजलो. पुढे जाड पुठ्ठ्याची पाने करताच दोन मुलांना पाचापुढे मोजता येत नाही, असे आढळले. दोष मुलांचा नव्हता, माझ्या कागदाचा होता.

म्हणून पाठापूर्वी प्रत्येक पान उजेडासमोर धरून पाहावे.