मधल्या मजल्याचे बटण

तळमजला आणि वरचा मजला एवढेच घर होते, तोवर जिन्यावरच्या दिव्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. जिन्याच्या पायथ्याशी एक बटण होते व माथ्यावर दुसरे. वर जाणाऱ्याने खालच्या बटणाने दिवा लावावा, उजेडात जिना चढावा आणि वरच्या बटणाने तो मालवावा. पुढे कुटुंब वाढले व घरावर आणखी एक मजला चढला. जिना वर गेला, त्यावर दुसरा दिवा आला आणि वरचे बटण काढून नव्या मजल्यावर बसवण्यात आले. दोन्ही दिवे एकदमच लागत व एकदमच मालवत. मधल्या मजल्यावर मात्र बटणच उरले नाही. आणि तेथेच राहत होती घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती, आजी.

आजी पहाटे उठून परसातील फुले आणावयास खाली जाई. दिवा लावावयाचा तर आधी अंधारातच सारा जिना उतरावा लागे. एके पहाटे तिचा पाय चुकला. कठडा हाती लागला म्हणून ती बचावली. पण हातातील तांब्या खणखणत खाली गेला आणि सारे घर जागे झाले.

“त्यात काय मोठेसे?” थोरला नातू म्हणाला. “तारेमध्ये एक साधे बटण बसवू, म्हणजे झाले.”

सातवीत शिकणाऱ्या नातीला ते पटेना. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आले, तेव्हा तिने त्यांनाच विचारले, “काका, साधे बटण चालेल का?”

“बसवता येईल, बाळ,” ते म्हणाले, “पण आजींनी ते बंद केले, की खालचे व वरचे अशी दोन्ही बटणे मुकी होतील. कोणी कितीही दाबली तरी दिवा लागणार नाही. एकाची सोय करताना दुसऱ्याची अडचण होता कामा नये.”

मग त्यांनी कागदावर आकृती काढली. साध्या बटणाला तारा जोडण्याच्या दोन जागा असतात. जिन्याच्या बटणाला मात्र तीन असतात. त्याला टू-वे बटण म्हणतात. विजेची तार, म्हणजे फेज, खालच्या बटणाच्या मुख्य जागी येते. तेथून दोन तारा समांतर वर जातात व वरच्या बटणाला मिळतात. वरच्या बटणाच्या मुख्य जागेपासून एक तार दिव्याकडे जाते. प्रत्येक बटण या दोन तारांपैकी एकीचीच निवड करते. दोन्ही बटणांनी एकच तार निवडली, तर वाट जुळते व दिवा लागतो. एकाने पहिली व दुसऱ्याने दुसरी निवडली, तर वाट तुटते व दिवा मालवतो.

आजी लक्षपूर्वक ऐकत होती. तिचे अर्धे आयुष्य मळ्यात गेले होते. ती म्हणाली, “अहो, हे तर दारे धरण्यासारखेच झाले! विहिरीचे पाणी दोन पाटांपैकी एका पाटात सोडायचे. खालच्या माणसाने त्याच पाटाचे दार उघडले, तरच वाफ्याला पाणी मिळायचे.”

“अगदी बरोबर, आजी!” वायरमन हसून म्हणाले. “आता मध्ये तिसरा माणूस उभा करायचा आहे. त्याने पाणी अडवायचे नाही. फक्त पाटांची अदलाबदल करायची.”

हे काम करणाऱ्या बटणाला इंटरमीजिएट म्हणतात. त्याला तारा जोडण्याच्या चार जागा असतात. एका स्थितीत ते दोन्ही तारा सरळ पुढे जोडते. दुसऱ्या स्थितीत पहिली तार दुसरीला व दुसरी पहिलीला जोडते. त्यामुळे जुळलेली वाट तुटते आणि तुटलेली वाट जुळते.

काम सुरू करण्यापूर्वी वायरमननी घराचा मुख्य स्विच बंद केला आणि तारांत वीज नाही याची उपकरणाने खात्री करून घेतली. “घरातील वीज २३० व्होल्टची असते,” त्यांनी बजावले. “कागदावरची आकृती कोणीही काढावी, पण तारेला हात मात्र जाणत्यानेच लावावा.” मधल्या मजल्यावरून जाणाऱ्या त्या दोन समांतर तारा त्यांनी कापल्या. खालून आलेली जोडी बटणाच्या एका बाजूस व वर जाणारी जोडी दुसऱ्या बाजूस जोडली. या जोड्यांची सरमिसळ झाली, तर दिवा कधी लागतो व कधी लागत नाही. सर्व बटणांवरील जागांची मांडणीही सारखीच नसते. म्हणून त्यांनी बटणावरील खुणा आधी नीट पाहून घेतल्या होत्या.

सायंकाळी नातीने वहीत कोष्टक मांडले. दिवा बंद असताना कोणतेही बटण एकदा दाबले की तो लागे. त्यानंतर कोणतेही दाबले की मालवे. एकूण दाबण्यांची संख्या विषम असेल तर उजेड, सम असेल तर अंधार! कोणते बटण कोणी दाबले याला महत्त्वच नव्हते. मध्ये आणखी अशी बटणे घातली, तरी नियम तोच राहणार होता.

हा सम-विषमाचा हिशेब केवळ जिन्यापुरता नाही. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ मध्ये तर्काला बीजगणिताचे रूप देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की विजेच्या मंडलातील उघडझाप याच बीजगणिताने मांडता येते आणि अशा मंडलांकडून बेरीजही करवून घेता येते. संगणकाच्या रचनेला या विचाराचा मोठा आधार मिळाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजीने दाराबाहेरचे बटण दाबले. वरपासून खालपर्यंत सारा जिना उजळला. ती सावकाश उतरली आणि पायथ्याच्या बटणाने दिवा मालवून परसात गेली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून नातू खाली निघाला. त्याने आपले बटण दाबले. दिवा पुन्हा लागला. तिन्ही बटणांचा अधिकार आता सारखा होता.

स्वाध्याय

१. मधल्या मजल्यावर साधे बटण बसवणे का योग्य नव्हते?
२. आजीने दिलेला पाटांचा दृष्टान्त आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. दिवा बंद असताना तिन्ही बटणे एकेकदा दाबली, तर काय होईल? कारण सांगा.
४. “एकाची सोय करताना दुसऱ्याची अडचण होता कामा नये.” या वाक्याला अनुसरून आपल्या शाळेतील किंवा घरातील एक प्रसंग लिहा.