झाडीतल्या कोर्सवर ड्रायव्हर कशाला?

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो. घराजवळच्या झाडीत नऊ बास्केटचा छोटा डिस्क गोल्फ कोर्स आहे. मुलासोबत खेळते, पण माझी डिस्क डावीकडे वळून झाडावर आपटते. सगळ्यात वेगवान डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, आणली, तरी तेच. माझ्या हातात जोरच नाही का?
– एक वाचक

उत्तर : ताई, जोर आहे तेवढा पुरे, डिस्क बदला. वेगवान ड्रायव्हरला सरळ जायला तसाच वेग लागतो. तो कमी पडला, की उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क लगेच डावीकडे ढळते. म्हणजे महागडी ड्रायव्हर आणून दुखणं वाढलंच!

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला वेगाचा. तुमच्या ड्रायव्हरवर तो 12-13 असेल. 2-3ची पटर आणि 5ची मिडरेंज, या कमी वेगाच्या डिस्क घ्या. साठ-सत्तर मीटरच्या बास्केटला एवढं पुष्कळ. पटर पडल्यावर फारशी घसरत नाही, त्यामुळे झुडपांत शोधाशोधही कमी. पहिली फेक थेट बास्केटकडे नको, झाडांमधल्या मोकळ्या फटीकडे करा. झाडाआड अडकलात, तर पुढे फेकायचा मोह सोडून आडवी फेक करून वाटेवर या. एक फेक जाते, पण तीन वाचतात.

वाटेवर कुणी चालत असेल तर थांबा. डिस्क गचपणात गेली तर आधी काठीने चाचपा. तिथे कॉपरहेड साप असतात. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावू नका, आणि घरी आल्यावर मुलाच्या अंगावर गोचिडी नाहीत ना, तेवढं बघा.