कमान : शब्द एक, कुळे अनेक

जबलपूर शहराच्या जुन्या बाजारपेठेत, बडा फुहारा आणि सराफा यांच्या परिसरात 'कमानिया गेट' उभे आहे. 1939 साली जबलपूरजवळील त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेले हे प्रवेशद्वार आज शहराची ओळख बनले आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशाला हे नाव ऐकताच अर्थ उमगल्यासारखा वाटतो. दरवाजाला कमान आहे, म्हणून कमानिया! हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे.

मराठीत 'कमान' म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ती दरवाजावरची किंवा पुलाखालची अर्धवर्तुळाकार बांधणी. हिंदी भाषिकाच्या मनात मात्र प्रथम उभे राहते ते धनुष्य. बांधकामातील कमानीला हिंदीत सामान्यतः 'मेहराब' म्हणतात. 'कमानिया' या हिंदी शब्दाचेही दोन अर्थ आहेत : एक तिरंदाज आणि दुसरा धनुष्याच्या आकाराचा. म्हणजे एकाच दरवाजाखालून जाणाऱ्या दोन भाषिकांना एकाच नावातून दोन निरनिराळी चित्रे दिसू शकतात.

मूळ शब्द फारसी आहे. फारसीत 'कमान' म्हणजे धनुष्य, आणि इंद्रधनुष्याला त्या भाषेत 'रंगीन-कमान' म्हणतात. 'लहान धनुष्य' अशा अर्थाचे 'कमानचा' हे नाव गजाने वाजवायच्या एका तंतुवाद्याला मिळाले. तुर्की भाषेत 'केमान' म्हणजे व्हायोलिन, आणि अरबीतही 'कमान' व्हायोलिनच होय. बंगालीत मात्र याच शब्दाने अगदी वेगळे वळण घेतले. तेथे 'कामान' म्हणजे तोफ! युद्धात धनुष्याची जागा तोफेने घेतली आणि जुने नाव नव्या शस्त्राला चिकटले. गुजरातेत कच्छची 'कमानगरी' चित्रकला प्रसिद्ध आहे. कमानगर म्हणजे धनुष्ये बनविणारा. धनुष्यांचा काळ सरला, कारागिरांच्या हाती कुंचला आला. जातिनाम तेवढे टिकले.

भारतीय भाषांत शब्दाने धनुष्य सोडले तरी धनुष्याचा गुण सोडला नाही. वाकलेपण हा त्याचा एक गुण; त्यातून इमारतीची कमान आणि भुवयांची कमान आली. ताण हा दुसरा. त्यातून घड्याळातील आणि गाडीतील स्प्रिंगला मराठीत 'कमान' व हिंदीत 'कमानी' हे नाव मिळाले. एखाद्याच्या यशाची 'चढती कमान' सांगताना मराठी माणूस नकळत त्याच धनुष्याचे स्मरण करीत असतो.

येथपर्यंत सारे एका कुळातले झाले. परंतु हिंदीत आणि उर्दूत आणखी एक 'कमान' आहे, आणि तिचा धनुष्याशी काहीही संबंध नाही. सैन्याची 'पश्चिमी कमान', पलटणीचा 'कमान अधिकारी', 'कमान सँभालना' हे सर्व प्रयोग इंग्रजी 'कमांड' या शब्दापासून आले. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून 'हाती सोपविणे' हा त्यामागील अर्थ आहे. हिंदीच्या तोंडी शेवटचा 'ड' गळाला आणि इंग्रजी पाहुणा फारसी पाहुण्याचा जुळा भाऊ दिसू लागला.

कमानिया गेटच्या बाबतीत हा योगायोग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. 29 जानेवारी 1939 रोजी सुभाषचंद्र बोस 1580 मते मिळवून काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांना 1377 मते मिळाली. मार्चमध्ये त्रिपुरीत अधिवेशन भरले, तेव्हा सुभाषबाबू तापाने आजारी होते. अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा ठराव तेथे संमत झाला, आणि एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संघटनेची 'कमान' कोणाच्या हाती असावी, हाच त्या अधिवेशनातील खरा प्रश्न होता. त्याच अधिवेशनाची स्मृती आज दगडी कमानीच्या रूपाने उभी आहे. दरवाजाच्या नावात मात्र ती दुसरी कमान नाही. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही.

भोवतालच्या सराफ्याकडे पाहून कोणाला वाटेल की 'कमानिया'चा संबंध 'कमाना' म्हणजे मिळविणे, या क्रियापदाशी असावा. तोही तर्क टिकत नाही. 'कमाना' आणि मराठी 'कमावणे', 'कमाई' यांचे मूळ संस्कृत 'कर्म' होय. बंगालीत 'कामानो' म्हणजे मिळविणे आणि दाढी करणेही! बोली अरबीत तर 'कमान' हे 'आणखी', 'सुद्धा' अशा अर्थाचे रोजच्या वापरातले अव्यय आहे. कैरोतील ग्राहक दुकानदाराजवळ 'कमान' म्हणतो, तेव्हा त्याला धनुष्य नको असते. आणखी थोडा माल हवा असतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताच्या कारभारात हिंदी व मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. आजही बँकांतून हिंदी, मराठी आणि इंग्रजी यांचा एकत्र वापर चालतो. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने शब्द ओळखीचा दिसतो आणि वाचणारा निःशंक होतो. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदी वृत्तातील 'कमान सौंपी' याचे मराठीत 'सूत्रे सोपविली' असेच व्हावयास हवे. 'कमान सोपविली' असे लिहिल्यास वाचक बुचकळ्यात पडेल. अधिक जवळचे उदाहरण म्हणजे 'व्याज'. संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त किंवा कपट. मराठी ग्राहक मात्र आपल्या ठेवीवर तेच आनंदाने मोजून घेतो!

अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो, कोश उघडतो, चारचौघांना विचारतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दापाशी तो थांबत नाही, आणि चूक नेमकी तेथेच होते. अर्ज, करारपत्र किंवा परिपत्रक दुसऱ्या भाषेतून आले असेल, तर त्यातील सोप्या शब्दाचाही अर्थ सही करण्यापूर्वी विचारून घेण्यात कमीपणा नाही. समजावून सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचे ते कर्तव्य, आणि विचारणाऱ्या ग्राहकाचा तो हक्क होय.