लिनक्सला कोड पाठवताना पाळायचे चार नियम

मूल कोडिंग शिकलं, आता पुढे काय? मुक्त-स्रोत प्रकल्पात हातभार लावणे ही पुढची चांगली पायरी आहे. पण 'मुक्त' म्हणजे कसंही चालेल असं नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलला आज जगभरातले हजारो लोक कोड पाठवतात. त्याचे नियम पाहा.

१. एका पॅचमध्ये एकच बदल. म्हणजे काही बिघडलं तर तेवढंच मागे घेता येतं.

२. बदल 'का' केला ते लिहा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. अडचण काय होती ते दिसत नाही.

३. आधी स्वतः तपासा. कोडची मांडणी तपासायला 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट प्रकल्पातच दिलेली आहे.

४. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून आपलं नाव द्या. ही पद्धत २००४ पासूनची. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही असते. कुठून तरी उचललेला कोड इथे चालत नाही.

पॅचवर प्रश्न येतात, तो परतही येतो. त्यात अपमान नाही. सुधारून पुन्हा पाठवायचा.

आपल्याकडे मुलं इंटरनेटवरची पानं छापून प्रकल्पवहीत चिकटवतात आणि आपण गुण देतो. पुढच्या वेळी वहीच्या शेवटी दोन ओळी मागून बघा: हे मी का केलं, आणि यातलं माझं किती? खाली मुलाची सही. कोडिंग न शिकणाऱ्या मुलालाही हा धडा उपयोगी पडेल.