गूगलवर पहिले नाव : खर्च परवडतो का?

आपल्यापैकी पुष्कळांचे लहानमोठे धंदे आहेत. कोणी मसाले विकतो, कोणी नळदुरुस्ती करतो, कोणी घरून खाण्याच्या ऑर्डरी घेते. अशांना हल्ली फोन येतात, “तुमचे नाव गूगलवर पहिले आणून देतो, महिन्याला अमुक शेकेल द्या.” या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ म्हणतात. ते करावे की नाही हे ठरवायला चौथीतला गुणाकार-भागाकार पुरतो.

प्रथम हे काम काय ते पाहू. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे समजावे, ही त्यांची मूळ कल्पना. आता आणखी पुष्कळ गोष्टी पाहतात: पानावर गिऱ्हाइकाला हवी ती माहिती आहे का, ते फोनवर नीट उघडते का, दुकान जवळ आहे का. पैसे भरून मिळते ती जाहिरातीची जागा, व तिच्यावर तसे लिहिलेले असते. बाकीच्या यादीतील जागा गूगल विकत नाही. म्हणून पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्याला शालोम म्हणून फोन ठेवावा.

आता हिशेब. समजा, अश्दोदमधील एक भगिनी ऑर्डरप्रमाणे चिकाचा हलवा करून देतात. गहू, नारळ, साखर, गॅस, डबा वजा जाता किलोमागे ४० शेकेल सुटतात असे धरू. एसईओवाला महिन्याला १,२०० मागतो, म्हणजे वर्षाचे १४,४००. याला ४० ने भागा. नुसता हा खर्च भरून काढायला ३६० किलो जास्तीचा हलवा विकला पाहिजे! तोही बहुतेक रोश हशानाच्या आसपास, घरच्या एका चुलीवर. ढवळणाऱ्या हातांचा विचार कोणी करायचा?

शिवाय शब्दांची अडचण आहे. इस्राएलमध्ये ‘हलवा’ शोधणाऱ्याला तिळाचा हलवा हवा असतो. त्या शब्दावर आपले पान वर आले तरी येणारा माणूस पाहून परत जाईल. ज्याला चिकाचा हलवा माहीत आहे, तो बहुधा बाईंचा फोन नंबर मावशीकडून आधीच घेऊन बसलेला असतो. त्या जर जेवणाच्याही ऑर्डरी घेत असतील तर गोष्ट वेगळी. ‘ओखेल होदी’ हे शब्द कोणीही अनोळखी माणूस शोधू शकतो.

याउलट इन्स्टलातोर घ्या. रात्री पाइप फुटला की ओळखपाळख नसलेला माणूसही फोनवर शोधतो. एका कामात ३०० शेकेल सुटत असतील, तर तोच खर्च वर्षाला ४८ कामांत, म्हणजे महिन्याला चार कामांत, निघतो. त्याने विचार जरूर करावा. मात्र स्पर्धाही त्याच धंद्यात जास्त.

फळ यायला वेळ लागतो. चार महिने ते एक वर्ष, असे गूगलच्याच लोकांनी सांगितले आहे. सणासाठी गिऱ्हाइके हवीत तर एलुलात जागे होऊन उपयोग नाही.

लबाडीचा मार्गही असतो. २०१० च्या सणासुदीत अमेरिकेतील जे. सी. पेनी हे मोठे दुकान कपडे, गालिचे अशा कितीतरी शब्दांवर पहिले येत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले, की भलत्याच हजारो पानांवर त्या दुकानाकडे बोट दाखवणारे दुवे पेरले होते. आम्ही ते करायला सांगितले नव्हते, असे दुकानाने म्हटले व आपल्या एसईओ कंपनीला काढून टाकले; पण गूगलने त्याला कित्येक शब्दांवर पहिल्या जागेवरून थेट साठ-सत्तराच्या पुढे ढकलले. शिक्षा मालकाला होते, हे लक्षात ठेवा.

पैसे देण्यापूर्वी फुकटची कामे करून घ्यावीत. गूगलवर धंद्याची नोंद करता येते. पत्ता, वेळ, फोटो व फोन घालावा आणि समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगावे. नंतर एक महिना ठरावीक शब्दांवर थोडी जाहिरात देऊन पाहावी. आलेल्या प्रत्येक फोनला “आमचे नाव कुठे पाहिलेत?” असे विचारून वहीत लिहावे. पान पाहणारे पुष्कळ आणि ऑर्डर देणारे दोनच, असे निघाले तर अडचण नंबराची नाही. भाव, फोटो नाहीतर माल तपासावा.