जुन्या मोटारीचे दुखणे कसे ओळखावे?

बैलाने वैरण सोडली तर आपण लगेच सुया टोचत सुटत नाही. आधी त्याचे तोंड उघडून पाहतो. पोटाला हात लावतो. शेण पाहतो. मोटार बिघडली की मात्र आपण घाबरतो. फिटर म्हणेल ते खरे धरतो, आणि पैसा जातो तो इथेच.

हा पाठ जुन्या पेट्रोल गाडीविषयी आहे. जुनी म्हणजे कार्बोरेटरची. फियाट, पद्मिनी, पेट्रोलवरची अ‍ॅम्बॅसडर, पहिल्या वर्षांतली मारुती. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनत असे. ती बनणे २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईच्या टॅक्सीतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण काही जणांनी ती अजून जपली आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो. नव्या गाडीत संगणक असतो. तिच्यावर यातले काही करू नका.

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि ते थरथरते. आवाज एकसारखा येत नाही, मधेच खळ पडतो. याला आपल्याकडे ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

मिसिंग म्हणजे काय? या गाड्यांच्या इंजिनात बहुधा चार सिलिंडर असतात. मारुतीत तीन. सिलिंडर म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची टाकी नव्हे. ते लोखंडी नळकांडे. त्यात दट्ट्या वरखाली होतो. त्याला पिस्टन म्हणतात. पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते, पिस्टन ती दाबतो, वरून प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. चार सिलिंडर म्हणजे एका नांगराला जुंपलेले चार बैल समजा. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर चौघांत मिळून १६०० भडके उडायला हवेत. एका बैलाने अंग चोरले तर नांगर थांबत नाही. हिसके मात्र बसतात.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नाही. ‘कोणता बैल अंग चोरतो’ हा आहे. हे कळल्याशिवाय एकही भाग बदलू नका.

ते असे ओळखावे. गाडी उघड्यावर उभी करा. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, माणूस बसल्या जागी मरतो. उपरण्याचे टोक, लुगड्याचा पदर पंख्यापासून दूर ठेवा. बॉनेट उघडा. चार प्लगांवर चार जाड वायरी आलेल्या दिसतील. रेडिएटरकडचा प्लग पहिला. वायरींवर चिठ्ठ्या बांधून १, २, ३, ४ आकडे घाला. हे टाळू नका. वायरी जिथून निघतात त्या झाकणावर त्यांचा क्रम १-२-३-४ असा नसतो. पद्मिनीत तो १-३-४-२ असतो. दोन वायरी उलटसुलट लागल्या तर नवेच दुखणे उभे राहील.

आता इंजिन बंद करा. पहिल्या प्लगची वायर काढा. तिच्या टोकात एक जुना प्लग बसवा आणि त्याचे लोखंड इंजिनच्या लोखंडावर नीट टेकवून ठेवा, म्हणजे वीज भलतीकडे जाणार नाही. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. इंजिन पुन्हा सुरू करा आणि ऐका. थरथर वाढली? मग तो बैल काम करीत होता. बंद करा, वायर परत लावा, पुढची काढा. जी वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. इंजिन चालू असताना वायरीला हात लावू नका. त्यात हजारो व्होल्टचा झटका असतो.

समजा, तिसरा आळशी निघाला. त्याचा प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर प्लग निरोगी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येते किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलाने ओला असेल तर इंजिन ऑईल वर चढते. पांढराफटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. मग तो तिसरा प्लग दुसऱ्यात घाला आणि दुसरा तिसऱ्यात. पुन्हा तीच परीक्षा करा. दुखणे दुसऱ्याकडे गेले, तर प्लगच वाईट. तिसऱ्यातच राहिले, तर वायर तपासा. ही अदलाबदल फुकट आहे, म्हणून ती आधी.

आमच्या शेजारच्या वाडीत एका घरी पद्मिनी होती. रात्रीअपरात्री कुणाला कळा सुटल्या की त्याच गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. ती मिसिंग करू लागली. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलून बोअर करावे लागेल, तीस हजार होतील. घरधनी दुभती म्हैस विकायला निघाला. त्याची बायको रात्रीच्या वर्गाला येत असे. तिने वहीत चार दिवस लिहून ठेवले होते : ‘सकाळी मिसिंग. पाऊस. दुपारी बरी.’ आता सांगा, झिजलेले इंजिन दुपारी बरे होईल काय? ओलाव्याने बिघडते ती वीज. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून पाहिले. वायरींच्या झाकणावर निळी ठिणगी रांगत होती. झाकणाला केसाएवढी चीर होती, तिच्यात दमट हवेचे पाणी बसे. झाकण बदलले. म्हैस गोठ्यात राहिली.

त्या झाकणाखाली सीबी पॉइंट असतात. चारही सिलिंडर आळीपाळीने मिसिंग करीत असतील तर ते पाहा. जळून खड्डे पडले असतील तर बदला. प्लगच्या टोकातली फटही मोजून घ्या. ती साधारण ०.६ मिलिमीटर असावी.

वीज ठीक निघाली तर पेट्रोल आणि हवा. उभी असताना थरथरते, पण रेस दिली की सरळ चालते, असे असेल तर बहुधा कार्बोरेटरची बारीक जेट तुंबली आहे. नाहीतर कुठली तरी रबरी नळी फाटून चोरटी हवा आत जाते. कान दिला तर फुसफुस ऐकू येते. नळीच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावा. आवाज बदलला तर चोर तिथेच.

आणखी एक गोष्ट. आपल्या उसाच्या मळीपासून इथेनॉल होते. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच. पण पद्मिनीचे रबर त्या काळचे नव्हे. जुन्या नळ्या फुगतात, तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाला बसते आणि इंजिनात जाते. नळ्या नव्या घाला आणि टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका.

एवढे करूनही तिसरा बैल उठला नाही, तरच इंजिनच्या आतला संशय घ्यावा. आधी टॅपेटची फट बघायला सांगा. ती फार कमी असली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मग फिटरकडून चारही सिलिंडरचा दाब मोजून घ्या आणि आकडे वहीत लिहा. तिसऱ्याचा दाब बराच कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडायला सांगा, आणि पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो किंवा हेडचे गॅस्केट गेले. व्हॉल्व्ह नि गॅस्केट यांना हेड उतरवले की पुरते, सारे इंजिन खोलावे लागत नाही. रिंगा गेल्या असतील तर मात्र खोलावे लागेल. त्या वेळी खर्चाचा कागद आधी लिहून मागा, आणि जुने भाग परत द्यायला सांगा.