व्हिडिओ अडकतोय? नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी एवढं तपासा



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा मध्यंतरी फोन आला. घरातूनच आरी वर्कचे ब्लाउज शिवून देतात. मुलाने नवीन फोनवर ब्लाउजचे छान व्हिडिओ काढून दिले, पण घरच्या कॉम्प्युटरवर लावले की नुसता आवाज यायचा, चित्र काळं. दुरुस्तीवाल्याने मशीन न बघताच सांगितलं, "जुनं झालंय मॅडम, बदलून टाका." 28,000 रुपयांचं कोटेशनही आलं. ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे ताई त्यात घालायला निघाल्या होत्या.

कॉम्प्युटर जुना होता हे खरंच. चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. पण फोनच्या कॅमेऱ्यातल्या दोन सेटिंग बदलल्या आणि काम झालं. खर्च शून्य.

म्हणून आज जरा वेगळा विषय. व्हिडिओ नीट चालत नाही तेव्हा दोष तीनपैकी एका जागी असतो: फाइलमध्ये, नेटमध्ये किंवा मशीनमध्ये. कुठे आहे हे कळायच्या आत पैसे खर्च करू नका.

आधी पाच मिनिटांची परीक्षा

कॉम्प्युटरमध्ये पूर्वी व्यवस्थित चालणारा एखादा जुना व्हिडिओ शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असला तरी चालेल. पेनड्राइव्हवरून लावू नका, डेस्कटॉपवर कॉपी करून मग लावा. तो नीट चालला आणि नवीनच अडकत असेल तर आधी संशय नव्या फाइलवर घ्या. फाइली चालतात पण यूट्यूब अडकतं, तर नेट किंवा ब्राउझर. सगळंच अडकत असेल तरच मशीनकडे बघायचं.

फाइलचा घोळ

लोक म्हणतात, "सर, फाइल एमपीफोर आहे, मग चालायलाच हवी." नाही. एमपीफोर हा नुसता डबा आहे. आत लाडू आहेत की चिवडा, हे डब्यावरून कळत नाही. आतला व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून लहान केलेला असतो, तिला कोडेक म्हणतात, आणि खरा प्रश्न तिथे असतो.

दोन नावं लक्षात ठेवा. एच.264 ही 2003 ची पद्धत, जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरला येते. एच.265 म्हणजेच एचईव्हीसी, ही 2013 ची. तेवढ्याच दर्जाचा व्हिडिओ हिच्यात साधारण निम्म्या जागेत बसतो. म्हणून फोन कंपन्यांना ती आवडते. आयफोनमध्ये 2017 पासून बहुतेक मॉडेलवर तीच आपोआप चालू असते, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही पर्याय असतो. पण इतका घट्ट दाबलेला व्हिडिओ उलगडायला मेहनत जास्त लागते. इंटेलने त्यासाठीची पूर्ण सोय प्रोसेसरच्या आतच दिली ती सहाव्या पिढीपासून, म्हणजे 2015 पासून. ताईंचा आय-थ्री त्याच्या आधीचा. त्याला सगळी मेहनत सॉफ्टवेअरच्या जोरावर करावी लागते, आणि व्हिडिओ फोर-के असला की त्याचा दम निघतो.

शिवाय विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक वेगळी जोडणी लागते. ती नसली की आवाज येतो, चित्र येत नाही. ताईंच्या घरी नेमकं हेच.

तुमच्याकडे हे असं तपासा. व्हीएलसी हा मोफत प्लेअर घ्या, तोच तो नारिंगी शंकूचं चित्र असलेला. व्हिडिओलॅन नावाच्या ना-नफा संस्थेचा आहे, तिच्याच साइटवरून डाउनलोड करा. बरेचसे कोडेक त्याच्या आतच असतात. त्यात व्हिडिओ लावा आणि कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात कोडेकचं नाव आणि रिझोल्यूशन लिहिलेलं असतं.

ताईंच्या फाइलला चित्र तर आलं, पण धक्के खात. एचईव्हीसी, फोर-के, सेकंदाला 60 फ्रेम! ब्लाउज दाखवायला एवढं कशाला? फोनमध्ये 1080पी आणि 30 फ्रेम केलं, आणि व्हिडिओची पद्धत एच.264 केली. आयफोनमध्ये हे सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कम्पॅटिबल' नावाने सापडतं. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' किंवा एचईव्हीसी असं काही दिसलं तर ते बंद करा. आधी काढलेले व्हिडिओ हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून बदलून घेतले, त्यातला 'फास्ट 1080पी30' हा पर्याय पुरतो. जुन्या मशीनवर याला वेळ लागतो. रात्री लावून झोपा.

हे फक्त तुमच्या घरापुरतं नाही हं. तुमच्या ग्राहकाकडेही जुना कॉम्प्युटर असू शकतो. त्याच्याकडे व्हिडिओ उघडला नाही तर तो फोन करून सांगत बसत नाही, दुसऱ्याकडे जातो. म्हणून नमुन्याचे व्हिडिओ कायम एच.264 मध्येच पाठवा, आणि पाठवायच्या आधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर एकदा लावून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर कापडाचं बारीक काम दाखवायचं असेल तर व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. साधा पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि टाके पुसट दिसतात.

आता दोन चुका, ज्या मी सारख्या बघतो. एक, फाइलच्या नावातलं शेपूट बदलणं. एमओव्ही खोडून एमपीफोर लिहिलं म्हणजे आतला माल बदलत नाही. दुसरी चूक महागात पडू शकते. "व्हिडिओ पाहण्यासाठी हा कोडेक डाउनलोड करा" असं सांगणाऱ्या अनोळखी साइटवरून काही घेणं. त्याच कॉम्प्युटरवर तुमचं जीएसटीचं लॉगिन असतं, बँक असते, ग्राहकांचे नंबर असतात. अशा साइट व्हायरस घुसवायची जुनी वाट आहेत. व्हीएलसी असताना त्यांची गरजही नाही.

आणि फाइल अजिबातच उघडत नसेल, "फाइल खराब आहे" असं येत असेल, तर आधी साइज जुळवा. फोनवर किती एमबी, कॉम्प्युटरवर किती? कमी दिसली तर कॉपी अर्धीच झाली आहे. फोनवर काढलेल्या व्हिडिओत आत कुठे काय आहे याची यादी बहुधा फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं की सगळाच व्हिडिओ अडतो. पुन्हा कॉपी करा आणि केबल मध्येच उपटू नका. तोवर फोनवरची मूळ फाइल पुसू नका, हे सांगायलाच हवं! पेनड्राइव्ह फॅट-32 प्रकारचा असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही.

यूट्यूबच अडकत असेल तर

चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. आकड्यांची पाटी येते, घाबरू नका, त्यातले दोनच बघायचे. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन थांबला आहे. तो शून्याकडे घसरत असेल तर दोष नेटचा. बफर भरपूर आहे पण 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा भराभर वाढतोय, तर नेट बिचारं निर्दोष आहे, मशीनला झेपत नाहीये. निम्म्या वेळा लोक इथे नेटवाल्याशी उगाच भांडतात.

यूट्यूबच्याच हिशोबाने 1080पी ला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, 480पी ला 1.1. त्यामुळे घरी 40 चा प्लॅन असून अडकत असेल तर प्लॅन वाढवू नका. राउटरपासून लॅन केबल टाकून बघा. केबलवर नीट चाललं तर भानगड वायफायची आहे. राउटर फ्रिजच्या मागे किंवा कपाटात ठेवलाय का तेही बघा.

सगळंच अडकत असेल तर

डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. नुकतंच विंडोज नव्याने टाकून आणलं असेल तर हे हमखास तपासा. ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मोफत मिळतो.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि व्हिडिओ चालू ठेवा. डिस्क सारखी 100 टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क दमली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवणं नव्या कॉम्प्युटरच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर आधी तो मोकळा करा. फक्त क्रोममध्येच चित्र हिरवं किंवा काळं दिसत असेल, तर त्याच्या सेटिंगमधल्या 'सिस्टिम'मध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन एकदा बंद करून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा चालू करा, कारण ते बंद असलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो.

आवाजच येत नसेल तर बहुतेक वेळा तो एचडीएमआयच्या मॉनिटरकडे गेलेला असतो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून स्पीकर निवडा, झालं.

एवढं करूनही जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याला जरूर बोलवा. फक्त आधी कागदावर लिहून ठेवा: कोणती फाइल, तिचा कोडेक काय, जुना व्हिडिओ चालतो का, टास्क मॅनेजरमध्ये काय 100 टक्के दिसलं. तो कागद हातात दिलात की "बदलून टाका" म्हणण्याआधी त्याला मशीन उघडून बघावंच लागतं.